साडेबाराचे बारा

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडणाचा विषय ऐकून तुम्ही हसणार हे आधीच माहीत आहे. विषय आहे टिंब. दशांशचिन्ह हो! ते टिंब, आणि त्याच्यापुढे रिपोर्टमध्ये किती आकडे छापायचे, एवढाच प्रश्न.

हसलात ना? आमच्या ऑफिसातही सगळे हसतात. टेस्टर बिचारा लिहितो की अमुक कॉलममध्ये ०.४० ऐवजी ०.४ दिसतंय, आणि त्या बगला लगेच लेबल चिकटतं: कॉस्मेटिक. प्रायॉरिटी सगळ्यात खालची. कॉस्मेटिक म्हणजे पावडर-लिपस्टिक. लावली तर बरं दिसेल, नाही लावली तर कुणाचं अडत नाही. मग रिलीज जवळ आली की असे पन्नास बग एका झटक्यात "पुढच्या वेळी बघू" मध्ये ढकलले जातात. मी स्वतः ढकललेत. त्यामुळे या लेखाला थोडं प्रायश्चित्तही समजा.

झालं असं की मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी काका घरी आले. चहा ठेवायच्या आतच त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पनवेलच्या आसपास ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांच्या खिशात हल्ली असा एखादा कागद असतोच. विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून गावात मोजणीची टेप आणि पांढऱ्या गाड्या फिरतायत. एका खासगी डेव्हलपरने (नाव कशाला?) आमच्या गावच्या लोकांना कागद दिला होता. गट नंबर, मालकाचं नाव, क्षेत्र, रक्कम आणि खाली सहीची जागा.

"अरे, बघ रे जरा. आमचे चाळीस गुंठे, आणि यांनी चार लावलेत! वर म्हणतात, सही करा."

मी कागद बघितला. आमच्या घरच्या तीन ओळी होत्या. क्षेत्र, हेक्टरमध्ये: ०.४, ०.०५, ०.१२.

मी लगेच इंजिनियरचा आवाज काढला. "काका, ०.४ हेक्टर म्हणजे चाळीस आरच. पुढचं शून्य छापलं नाही एवढंच. बरोबर आहे ते."

"मग शून्य का नाही छापलं?"

"त्याला किंमत नसते हो."

"किंमत नाही? सातबारा बघ!"

सातबारा बघितला. आणि मंडळी, तिथे काका बरोबर निघाले. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात हेक्टर, आर, चौरस मीटर असं, मध्ये टिंबं देऊन. ०.४०.०० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, शून्य चौरस मीटर. ही टिंबं दशांशाची नाहीतच, ती घरं पाडणारी टिंबं आहेत. ज्याने आयुष्यभर हे वाचलंय त्याला ०.४ दिसलं की तो "शून्य हेक्टर, चार आर" असंच वाचणार. (आर आणि गुंठा यांत एक टक्क्याच्या वर थोडा फरक आहे, एक गुंठा म्हणजे १.०१ आर, पण बोलताना तो कोणी करत नाही. मीही पुढे करणार नाहीये.)

तुम्हाला हे अडाणीपणाचं वाटत असेल तर टीव्हीवरची मॅच आठवा. स्कोअरकार्डवर १९.५ ओव्हर दिसतं तेव्हा तुम्ही साडेएकोणीस म्हणता का? नाही. एकोणीस ओव्हर आणि पाच बॉल म्हणता. आणि १९.५ नंतर येतं २०, १९.६ नाही. तिथे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही की हे टिंब वेगळं आहे. काकांनाही सातबाऱ्यावर कोणी शिकवावं लागत नाही. चूक काकांची नव्हती. ज्याने रिपोर्ट लिहिला त्याने सातबारा उघडून बघितला नव्हता, ही चूक होती.

असो. पहिली ओळ तरी फक्त भीती घालणारी होती, आकडा बरोबर होता. खरी गंमत खालच्या दोन ओळींत निघाली आणि ती काकांना दिसलीच नव्हती.

दुसरा गट सातबाऱ्यावर ०.०४.५०. म्हणजे साडेचार गुंठे. कागदावर ०.०५. तिसरा गट आत्याच्या नावावर, ०.१२.४०. कागदावर ०.१२. म्हणजे काकांना अर्धा गुंठा फुकट मिळाला आणि आत्याचे चाळीस चौरस मीटर हवेत गेले. चाळीस चौरस मीटर म्हणजे ४३० चौरस फूट. मुंबईत एवढ्यात चार माणसांचं कुटुंब राहतं, आणि वर पाहुणेही येतात.

आणि रक्कम? रक्कम छापलेल्या क्षेत्राला भावाने गुणून काढली होती. मी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं. म्हणजे आत कुठेतरी चार दशांशांचा आकडा असेलही, पण पैसे दोन दशांशांवरच काढले होते.

काकांनी डेव्हलपरच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीने अतिशय नम्रपणे उत्तर दिलं: "काका, सिस्टीममधून असंच येतं."

हे वाक्य ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सिस्टीममधून असंच येतं! जणू सिस्टीम आकाशातून पडली. अरे, सिस्टीम म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी, शुक्रवारी संध्याकाळी, हार्बरची गाडी गाठायच्या घाईत. क्षेत्राचा कॉलम बनवताना त्याला विचारलं गेलं, दशांश किती? त्याने दोन टाकले. का? कारण पैशांना दोन असतात, आणि शेजारचा कॉलम पैशांचा होता. विषय संपला. त्या दोनच्या आकड्याने आत्याचे ४३० फूट खाल्ले.

आता आमच्या क्षेत्रातल्या लोकांचा ठरलेला बचाव. "मूळ डेटा बरोबर आहे ना डेटाबेसमध्ये? मग झालं तर! दाखवताना काय ते थोडं गोल करतो." हा बचाव मी इतक्या मीटिंगमध्ये ऐकलाय की मला तो चालीत म्हणता येईल.

अहो, डेटाबेसवर सही कोण करतं? सही कागदावर होते. बँकेचा माणूस कागद बघतो, वकील कागद बघतो, भाऊबंद कागद बघून भांडतात. आत टेबलात अठरा आकड्यांपर्यंत अचूक माहिती जपून ठेवली असेल, पण बाहेरच्या जगासाठी रिपोर्टमध्ये छापलं तेच खरं असतं.

हे फक्त आमच्या गावचं रडगाणं आहे असं समजू नका. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं राज्य आहे. ५ एप्रिल १९९२ ला तिथे निवडणूक झाली. नियम असा की पाच टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळाली तर पक्षाला विधानसभेत जागा नाही. रात्री रिपोर्ट आला, ग्रीन पार्टी ५.० टक्के. आली आत! मग मध्यरात्रीनंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की खरा आकडा ४.९७ आहे. छापणारा प्रोग्रॅम टिंबानंतर एकच आकडा दाखवायचा, त्याने ४.९७ चे ५.० केले. ग्रीन बाहेर गेले, जागांची वाटणी पुन्हा झाली आणि सोशल डेमोक्रॅट्सना ८९ पैकी ४५ जागा मिळून एका जागेचं बहुमत झालं. मतमोजणी बरोबर होती. मूळ डेटा बरोबर होता. चूक फक्त फॉरमॅटमध्ये होती. कॉस्मेटिक. :)

व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराचं उदाहरण तर आमच्या धंद्यात जुनंच आहे. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढायचे आणि तीन दशांशांपुढचं गोल न करता नुसतं छाटून टाकायचे. दर वेळी कणभर कमी, आणि दिवसातून हजारो वेळा. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर आला. बाजार पडला नव्हता, नुसती छाटाछाट झाली होती. दुरुस्त केला तेव्हा तो निघाला सुमारे १०९९. तिथे दाखवायचा आकडाच पुढच्या हिशेबाला वापरला, म्हणून एवढं झालं. आमच्या कागदावर छापलेल्या क्षेत्राला भावाने गुणलं होतं, ती हीच जात.

"पण सरासरीत सगळं बरोबर येतं" हा दुसरा बचाव. कोणाचं वर जातं, कोणाचं खाली, एकूण बेरीज जुळते. गणित म्हणून हे चुकीचं नाही. हजार गटांची यादी केली तर कंपनीला फारसा फरक पडणारही नाही. पण सरासरी कंपनीच्या घरी राहते, आत्याच्या घरी नाही. तिला सांगणार का, की तुझे गेले पण तुझ्या भावाला मिळाले, तेव्हा घराणं म्हणून तुम्ही फायद्यातच आहात? भाऊबंदकीचे दावे आपल्याकडे याहून लहान कारणांवर तीन-तीन पिढ्या चाललेत.

आता या टिंबाची आपल्या भागात काय किंमत आहे ते सांगतो, कारण पनवेल-उरणच्या बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं. आमच्याकडे "साडेबारा टक्के" हा शब्द लहान पोरांनाही येतो. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या त्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, ही ती योजना. ती कोणी ताटात वाढून दिलेली नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून हा आकडा आला. पुढे त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के कापून हातात ८.७५ येतात, म्हणजे पावणेनऊ. विमानतळात ज्यांची गावं गेली त्यांना साडेबावीस. बघा, सगळे आकडे टिंबाचे. साडेबारा, पावणेचार, पावणेनऊ, साडेबावीस. यातला अर्धा किंवा पाव कोणी "डिस्प्लेपुरता" गोल करून बघावा, गावात पाय ठेवता येणार नाही.

आणि आता मजा बघा. हेच १२.५ मी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना दिले आणि म्हटलं, पूर्णांकात दाखवा. ओरॅकल म्हणालं १३. मायएसक्यूएल १३. एसक्यूएल सर्व्हर १३. एक्सेल १३. डॉटनेटचं नेहमीचं राउंड म्हणालं १२. पायथन १२. जावाने तर कमाल केली. गणिताच्या लायब्ररीतलं राउंड म्हणालं १३ आणि छापायचा फॉरमॅट म्हणाला १२. एकाच भाषेत, एकाच मशीनवर!

यात कोणी वेडं नाहीये. बरोबर मध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे न्यायचा, असा एक नियम आहे. त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. मोठ्या बेरजेत सगळे अर्धे वरच गेले तर पारडं एका बाजूला झुकतं, ते टाळायला हा नियम. हेतू चांगला. पण आपल्या जीएसटी कायद्याचं कलम १७० उघडा. तिथे सरळ लिहिलंय की कराची रक्कम रुपयात गोल करताना ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या. म्हणजे कायद्याने साडेबारा रुपयांचे तेरा, आणि डॉटनेटने जे आपोआप मिळतं ते बारा. किती प्रोग्रॅमरनी हे कलम वाचून मग राउंड लिहिलंय? मी वाचलं नव्हतं. नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर, एका क्लायंटच्या अकाउंटंट बाईंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. "तुमच्या बिलात एक रुपया कमी का येतो हो?" असा त्यांचा प्रश्न होता. मी आधी त्यांना म्हणालो होतो, मॅडम, एक रुपया तर आहे! त्यावर त्या जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

तेच आमच्या साडेचार गुंठ्यांचं. हेक्टरमध्ये ०.०४५. हा आकडा डेटाबेसमध्ये डेसिमल म्हणून ठेवला आणि दोन दशांशांवर गोल केला तर ०.०५ येतो. फ्लोट म्हणून ठेवला तर? कॉम्प्युटर आतून दोनाच्या भाषेत मोजतो, त्याला ०.०४५ नेमका लिहिताच येत नाही. तो ठेवतो ०.०४४९९९९ असं काहीतरी, कणभर कमी. मग पायथनला सांगा दोन दशांश, तो देतो ०.०४. एक्सेल त्याच आकड्याचे ०.०५ दाखवतं. म्हणजे एकच जमीन, एकच आकडा, आणि कुठल्या खिडकीतून छापता त्यावर ४०० चौरस मीटर की ५०० ते ठरणार. यावर कोणी तलाठ्याला लाच दिली असती तर आपण बातम्या केल्या असत्या.

ज्यांचं पोट दशांशावर चालतं त्यांना हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दूध घालणाऱ्याला विचारा. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो, आणि त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला दर उतरतो. पॉइंट म्हणजे ०.१. आता मशीनने मोजलं ३.४६ आणि स्लिपवर एकच दशांश. गोल केलं तर ३.५, छाटलं तर ३.४. दोन्ही "एक दशांश"च. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षभर. उसाचं बघा. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. दहा लाख टन गाळप करणारा कारखाना धरा. टिंबानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की ३ कोटी ४६ लाखांचा फरक. आहे का कोणाची छाती त्या कॉलमला कॉस्मेटिक म्हणायची?

आपल्या भाषेला तर अपूर्णांकांचं भारी कौतुक. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंत पाढे पाठ करून घ्यायचे, औट म्हणजे साडेतीन. माझ्या आजोबांना सवायकी झोपेतही यायची. त्या पिढीने आणे-पै सोडून १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे स्वीकारले, एकर-गुंठे सोडून हेक्टर-आर स्वीकारले. बाजारात, एसटीत, पोस्टात रोज मनातल्या मनात हिशेब बदलत. आणि आम्ही चार वर्षं इंजिनियरिंग करून, सेमिस्टरला न्यूमेरिकल मेथड्सचा पेपर देऊन, शेवटी टूल जे दाखवेल ते छापतो.

टूलची तऱ्हा काय सांगावी! ओरॅकलला ०.५ नुसता छापायला सांगा, काही फॉरमॅट न देता, तो छापतो .५. टिंबाआधीचं शून्य गायब. जुना प्रिंटर, फिकी रिबन, त्यावर झेरॉक्स, आणि ते टिंबही गायब. राहिले पाच. शून्य हे टिंबाचं रखवालदार असतं हे ज्याने पहिल्यांदा लिहिलं असेल त्याला माझा नमस्कार. आणि फॉरमॅटमध्ये जागा कमी दिली तर तोच ओरॅकल सगळा आकडा झाकून नुसत्या फुल्या-फुल्यांची रांगोळी छापतो. लोक त्याला नावं ठेवतात, मला मात्र ते आवडतं. निदान खोटं तरी बोलत नाही!

मायएसक्यूएलमध्ये फॉरमॅट नावाचं फंक्शन आहे. आकड्यात छान स्वल्पविराम घालून देतं. पण ते देतं तो आकडा नसतो, अक्षरांची माळ असते. पुढे कोणी त्याच कॉलमची बेरीज केली तर १२,३४५.६७ मधला पहिला स्वल्पविराम लागला की त्याचं वाचन थांबतं आणि बेरजेत येतात फक्त १२. बारा हजारांचे बारा! त्यातून तो कॉलम उतरत्या क्रमाने लावला की ९.५० वर आणि १०.२० खाली, कारण अक्षर म्हणून ९ मोठा. स्वल्पविरामही बहुतेक वेळा तीन-तीन आकड्यांवर, मिलियनच्या हिशेबाने. माझ्या आईला १,२३४,५६७ वाचायला दिलं तर ती शेवटून बोट ठेवत एकं, दहं, शतं करत येते. आपल्याकडे बारा लाख चौतीस हजार असतात, हे सांगायला पुन्हा एक कॉस्मेटिक बग टाकावा लागतो.

याच्या उलट टोकाचे महाभागही आहेत. त्यांना वाटतं जास्त आकडे म्हणजे जास्त खरं. ते क्षेत्र छापतात ०.०४५०००००१८. शेवटचे ते अठरा कुठून आले? मोजणीतून नाही, फ्लोटच्या पोटातून. हेक्टरचा आठवा दशांश म्हणजे एका चौरस मीटरचा दहा हजारावा भाग, साधारण पोस्टाच्या लहानशा तिकिटाचा सुद्धा तुकडाच. शेताच्या बांधावर एवढं मोजणारा मोजणीदार अजून जन्मायचाय. जे मोजलंच नाही ते छापणं हीसुद्धा थापच.

मग माझं म्हणणं काय? किती दशांश हा प्रश्न रिपोर्ट लिहिणाऱ्या पोराने एकट्याने ठरवायचा नाही, आणि टूलने तर अजिबात नाही. तो व्यवहाराचा प्रश्न आहे. क्षेत्र असेल तर सातबारा जिथपर्यंत बोलतो तिथपर्यंत, म्हणजे चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचे चार दशांश. कर असेल तर कायदा सांगेल. दूध असेल तर दरपत्रक. हे रिक्वायरमेंटच्या कागदावर लिहून घ्या, क्लायंटची सही घ्या, आणि गोल वरच्या बाजूला करायचं, समकडे करायचं की छाटायचं तेही लिहा. आत पूर्ण आकडा ठेवा, फ्लोटमध्ये नाही, डेसिमलमध्ये. गोल एकदाच करा, शेवटी. २.४४५ चे आधी २.४५ आणि मग कोणी दुसऱ्या रिपोर्टमध्ये २.५ करतो, सरळ केलं असतं तर २.४ आले असते. असे गोलाचे गोल मी बघितलेत.

एकच जागा आहे जिथे मला पक्कं उत्तर देता येत नाही, ती म्हणजे बेरजेची ओळ. तीन ओळी, प्रत्येकी २.४, छापताना २, २, २. खाली बेरीज ७.२, छापताना ७. क्लायंट विचारतो, दोन दोन दोन सात कसे? आमचा लीड म्हणतो बेरीज सहा करून टाक, कटकट नको. चूक! प्रत्येक ओळीचे पैसे खरोखर गोल करून दिले असतील तर सहाच बरोबर. ओळी फक्त दाखवण्यापुरत्या गोल असतील तर सात बरोबर, आणि खाली एक टीप. कुठलं ते पैसे कसे दिले यावरून ठरतं. क्लायंटची कटकट थांबवायला ठरत नाही. यावर माझं आणि लीडचं अजून भांडण चालू आहे. तो चांगला माणूस आहे, पण तो म्हणतो मी फार भावनिक होतो. होतो! माझ्या आत्याचे ४३० फूट आहेत.

तर त्या कागदाचं काय झालं? काका, आत्या आणि मी तिघं डेव्हलपरच्या ऑफिसात गेलो. सातबारे बरोबर घेऊन. दोन तास बसवलं, चहा दिला, मग एक मुलगा आला, माझ्याच वयाचा, गळ्यात आयडी. त्याला मी फक्त दोन ओळी दाखवल्या. तो बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "अरे यार, हे तर सगळ्यांच्याच कागदात असेल." मला त्याचा राग आला नाही. त्याने तिथेच बसून कॉलम चार दशांशांचा केला, रक्कम आतल्या आकड्यावर लावली, आणि नवी प्रिंट काढली. ०.४०००, ०.०४५०, ०.१२४०.

काकांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "आता हे चार हजार कशाचे?"

मुलगा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मग पुन्हा बसला बिचारा. तिसऱ्या प्रिंटमध्ये क्षेत्र सातबाऱ्यासारखं आलं, ०.४०.००, ०.०४.५०, ०.१२.४०. काकांचा अर्धा गुंठा कमी झाला, त्यावर ते काही बोलले नाहीत. आत्याने आपली ओळ बोटाने तीनदा वाचली, पर्समधून पेन काढलं, आणि मग म्हणाली, "आज नको. घरी जाऊन बघते."